बिंदगी, बाटली आणि माझी जीभ

"बाटली ट्रॉलीत चढली, तर माझी बिंदगी उतरली म्हणून समजा!"

"अगं, बाटली माझ्या मांडीवर बसंल. तुझ्या बिंदगीला काय धक्का लागायलाय?"

"धक्का मांडीवरून लागत न्हाई. पोटात गेल्यावर लागतोय."

"सणाच्या दिवशी कामून भांडायलीस गं, सुगंधा?"

"सणाच्या दिवशी कामून प्यायलाव ओ?"

"कुठं प्यायलोय? बूच तरी उघडलंय का आजून?"

भांडण इथवर आलं तेव्हा ट्रॅक्टर दारात धूर ओकत उभा होता. आमची सून ज्योती भज्जीचं पातेलं दोन्ही पायांत धरून ट्रॉलीत बसली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. (थंडीमुळं लावलाय, असं तिचं म्हणणं.) मी आंबिलीची बिंदगी, म्हणजे आमच्याकडचं छोटं मडकं, कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी. आणि आमचे हे, म्हणजे उमाजी, धोतराच्या सोग्यात क्यानडाची बाटली गुंडाळून चाकापाशी उभे. पहिलटकरणीनं बाळ धरावं तशी धरली होती. गल्ली बघत होती. बघू दे. गल्ली बघते म्हणून आवाज खाली आणणारी बाई मी नव्हे.

मी सुगंधाबाई. गाव हळ्ळीखेड (बी), जिल्हा बीदर. कंसासकट लिहावं, नाहीतर माणूस भलत्याच फाट्यावर उतरतो. शाळा मी बाहेरून पाहिली, तीही मेंढरं हाकताना. पण वाचायला मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी अडवूही शकलं नाही. मराठी मी किराणाच्या पुड्यांवरून शिकले, कन्नड एसटीच्या पाट्यांवरून आणि इंग्रजी खताच्या पोत्यांवरून. (तुझ्या इंग्रजीला युरियाचा वास येतो, असं आमचे हे म्हणतात. येऊ दे. पीक तरी येतं.)

पण गावात माझं नाव आहे ते वाचण्यावरून नाही, जिभेवरून. आता कोणी म्हणेल, जिभेवरून तर सगळ्याच बायकांचं नाव असतं. ती जीभ वेगळी. तीही माझ्याकडं आहेच. ही चवीची जीभ.

त्या दिवशी येळवस होती. आमच्याकडं ऐन थंडीतल्या अवसेला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग आंबील, भज्जी (तळलेली भजी नव्हे, बेसनातली शेंगा-पाल्याची भाजी), बाजरीचे उंडे, खीर. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून रातभर मुरवायचं, वर लसूण, जिरं, मीठ. ऐकायला सोपं आहे. ऐकायला तर संसारही सोपा आहे.

आमच्या शिवारात रीत अशी की पूजा झाली की शेजारच्या तीन शेतांच्या बिंदग्या माझ्या कोपीपुढं येतात. मी पाठ करून बसते. ज्योती सगळ्यांच्या आंबिली सारख्याच स्टीलच्या गलासांत भरते. मी घोट घेते आणि न बघता सांगते, ही कोणाच्या चुलीवरची. मग सांगते, यंदा पहिली कोणाची. पहिलीच्या बिंदगीला झेंडूची माळ. आणि एकदा बोललेला निकाल फिरत नाही, हा नियम मीच केलाय. आजवर माझं एक नाव चुकलं नाही आणि माळ एकाच बिंदगीला पडत आली. कोणाच्या ते मी सांगत नाही. मला बढाई आवडत नाही.

यंदा मात्र बांधाला बांध लागून असलेल्या सोमशेखर अण्णांच्या रत्नम्मानं आदल्या दिवशीच मला विहिरीवर गाठलं होतं.

"अक्का, तुमी तुमचीच आंबील वळखताव, म्हणून तुमचीच पयली करताव. लोक म्हणायलेत."

"कोण लोक?"

"मीच की."

रत्नम्माचं माहेर कलबुर्गीकडचं. तिकडच्या बायका तोंडावर बोलतात. म्हणून ती मला आवडते आणि म्हणूनच सोसत नाही.

"रत्नम्मा," मी म्हणाले, "ज्या दिवशी ही जीभ खोटं बोलंल, त्या दिवशी माळ मी माझ्या हातानं तुझ्या बिंदगीला घालीन."

तेव्हा माझी सगळी अब्रू त्या दिवशी जिभेच्या टोकावर बसलेली. आणि अशा दिवशी आमच्या ह्यांना शेतात बाटली न्यायची होती!

बाटली आमच्या भीमाशंकरनं आणलेली. भीमा आमचा एकुलता. क्यानडात ट्रक चालवतो. बापजाद्यांनी मेंढरं हाकली, हा बर्फातून अठरा चाकं हाकतो. दिवाळीला आला तेव्हा बापाच्या हातात बाटली ठेवली, कानात काहीतरी बोलला आणि गेला परत. तेव्हापासून ती बाटली आमच्या काचेच्या कपाटात, लग्नातल्या फोटोच्या पुढं. आमचं लग्न दिसेना झालं, पण बाटली दिसत होती. येईल त्या माणसाला हे सांगायचे, "क्यानडाची व्हिस्की. सायबलोकांची. आपल्याकडं मिळत न्हाई."

मी एकदा ती खाली काढून वाचली होती. एका बाजूला इंग्रजी. दुसऱ्या बाजूलाही इंग्रजीच वाटलं, पण अक्षरं लागली तरी शब्द लागेनात. भीमाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "आई, ती फ्रेंच. हितं दोन भाषा हायेत, पाट्या दोन्हीत लावाव्या लागतेत, त्यावरून भांडणंबी व्हतेत." म्हणजे पोरगं एवढे समुद्र ओलांडून गेलं आणि पुन्हा बीदर जिल्ह्यातच उतरलं.

आणि वाचून झाल्यावर मी बाटलीला नखानं टिचकी मारली. काच असती तर बोलली असती. ती मुकी राहिली. प्लास्टिक! मी तेव्हाच ओळखलं, पण बोलले नाही. (मी बोलले नाही असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.)

तर दारातलं भांडण. ह्यांचं म्हणणं असं की इंग्लिश घेतली की जीभ उघडते, जेवण चवीला लागतं, सोमशेखर अण्णांनी मोबाईलवर पाहिलंय. माझं म्हणणं असं की दारू पोटात गेली की जीभ मरते, माणसाला आंबील आणि चुन्याची निवळी यांतलं अंतर कळत नाही. शिवारातली माणसं माझ्या कोपीवर येतात ती आंबिलीसाठी. ती आधी बाटलीपुढं बसली, तर माझी आंबील त्यांना कळणार कशी?

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मावशी, डिझेल जळायलंय."

तेव्हा मी तह केला. इथंच चुकले. "बाटली येऊ द्या. पण माझा निकाल बोलून झाल्याबिगर बूच उघडायचं न्हाई."

"कबूल!" हे म्हणाले.

नवरा इतक्या लवकर कबूल झाला की बाईनं सावध व्हावं. मी झाले नाही. बिंदगी सांभाळत बसले.

शेतात पोचलो. हरभरा घाट्याला आलेला, करडी कमरेला लागत होती, ऊन कोवळं. ज्योतीनं चूल पेटवली, मी भज्जी गरम करायला टाकली. सोमशेखर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. खिशात काचेचा एक देठाचा पेला होता, रुमालात गुंडाळलेला. मागून रत्नम्मा, डोक्यावर बिंदगी, नजर माझ्या बिंदगीवर. ग्यानबाच्या घरची आली, रामकिशनच्या घरची आली. कोपीपुढं माणसं बसली. मी हात धुऊन, हळदीकुंकवाचं ताट घेऊन कोपीत वाकून शिरले आणि बघते तर काय.

पाच पांढरे दगड ओळीनं. आणि त्यांच्या शेजारी, कर्णासारखी वेगळी, ती बाटली उभी! तिला हळद. तिला कुंकू. तिच्यावर झेंडूचं फूल. आणि बूच उघडलेलं.

"ओऽ!" मी कोपीतूनच ओरडले. "हे काय करून ठेवलाव?"

"निवद दाखवलाय," हे बाहेरून शांतपणे म्हणाले. "लेकाच्या कमाईची वस्तू, आधी देवाला नको?"

"पांडव जुगार खेळले असतील, दारू पिले असं मी तर कुठं वाचलं न्हाई!" (आणि मी सगळं वाचलंय, युद्धासकट.)

"आता दाखवून झालाय, सुगंधा. आता ती दारू न्हाई. परसाद हाय."

त्या माणसाची चाल माझ्या ध्यानात आली तेव्हा मी अजून वाकलेलीच होते. आमची रीत अशी: पांडवांपुढं जे ठेवलं, ते आधी वाटायचं. ते वाटून झाल्याशिवाय आंबिलीच्या बिंदगीवरचं झाकण निघत नाही. म्हणजे निकालाआधी बाटली! आणि बूच देवासाठी उघडलं म्हणे, म्हणजे तह मोडला नाही, उडी मारून ओलांडला. एवढी अक्कल ह्या माणसानं शेतीत घातली असती तर आज आमची बागायत असती.

पण रीत पुढंही आहे, आणि ती ह्यांना आठवली नव्हती. प्रसादाचा पहिला घास घरची लक्ष्मी घेते, आणि वाटते तीच, तिच्या हातानं, तिच्या मनाला येईल तेवढा.

मी बाटली उचलून बाहेर आले. ह्यांचा हात पुढं आला. मी तो वाटेतूनच परत पाठवला.

"आधी मी," मी म्हणाले.

अण्णांनी रुमालातून पेला काढला. 

"अक्का, थांबा," सोमशेखर अण्णा पेला पुसत म्हणाले, "त्याची पद्धत असती. आधी फिरवायची, मग नाकाला लावायची, मग जिभेवर धरायची, मग गिळून बसायचं, मागं काय ऱ्हायलं ते बगत."

"आण्णा, आंबील चाखायची पद्धत तुमच्या मोबाईलला कोणी शिकवली?"

"कुणी न्हाई."

"मग मला तुमच्या मोबाईलनं शिकवू नये."

मी तीर्थ घेतात तशी तळहातावर घेतली. आधी वास. नाकाला पहिल्यांदा गुऱ्हाळ आलं. काहील उतरवायला उशीर झाला की तळाला गूळ लागतो ना, तो वास. त्याच्या मागून ओल्या धान्याच्या कणगीचा. त्याच्याही मागून नव्या लाकडी पेटीचा, आत लुगडं ठेवलेलं. मग जिभेवर घेतली. गोडसर. अंगानं पातळ. घशात उतरताना ठेच्यागत वाट जाळत गेली, आणि गेली ती गेलीच. मागं काही ठेवलं नाही. आंबील प्यायल्यावर निदान मिशी तरी पांढरी राहते.

"कशी हाय?" हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

एका घोटावर न्याय करणारी मी नव्हे. दुसरी घेतली. अण्णा म्हणाले, थोडं पाणी घातलं की चव खुलते. मग पाणी घालून घेतली. पाण्यामुळं वाहून गेल्यासारखी वाटली, म्हणून बिनपाण्याची पुन्हा. मला काही चढली नाही. (जमीन जरा हलली. पण काळी जमीन थंडीत भेगा धरते. हलणारच.)

"बोला की, अक्का," अण्णा म्हणाले. त्यांच्या बेंगळूरच्या लेकानं त्यांना काचेची, खोक्यातली बाटली पाठवलेली, हे सगळ्या शिवाराला माहीत होतं. ते वाट बघत होते. आणि आमचे हे माझ्याकडं असे बघत होते, तसं चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

खरं बोलावं तर लेकाचं नाक कापलं जातं. खोटं बोलावं तर जिभेचं. मी पदर खोचला.

"स्वस्तातली हाय," मी म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली. अण्णांनी पेला वर धरला. "मी म्हणलं न्हवतं? बाटलीच प्लास्टिकची!"

"थांबा आण्णा, माझं वाक्य संपलं न्हाई. स्वस्तातली हाय. करपल्या साखरेनं रंग आणलाय, अंग पातळ हाय. पण खोटी न्हाई. जेवढी हाय तेवढीच म्हणून सांगायलीय. उगं घशात बसून मोठेपणा करत न्हाई. आणि स्वस्त ते वाईट, हे तुमाला कोणी सांगितलं? माझी आंबील काय केशराची असती? ज्वारीचं पीठ आणि ताक! तरी तुमी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या बांधावर आलाव. माझा लेक रात रात बर्फात ट्रक हाकतोय. त्यानं फुशारकीवर पैसा उधळला न्हाई. बापाला चव दावली, आणि बाकीचं घरी पाठवलं. ही बाटली प्लास्टिकची हाय, कारण माझं पोरगं लोखंडाचं हाय!"

मला वाटतं तेव्हा मी उभी राहिले होते. ग्यानबानं टाळी वाजवली. अण्णांनी पेला खाली घेतला आणि म्हणाले, "अक्का, थोडी माझ्या पेल्यात वता." आणि आमच्या ह्यांनी डोळे पुसत कबूल केलं, "पोरानंबी कानात हेच सांगितलं होतं. म्हणला, अप्पा, लई भारी न्हाई, तिकडं आमी ट्रकवाले हीच घेतो."

बघा! पोरगं जी गोष्ट कानात बोललं, ती माझ्या जिभेनं तळहातावर ओळखली. क्यानडाची! खताच्या पोत्यावर इंग्रजी शिकलेल्या बाईनं! मी सगळ्यांना झाकणभर झाकणभर प्रसाद दिला, रत्नम्मानं हात जोडून नको म्हटलं, तिच्या वाट्याचा वाया जाऊ नये म्हणून मीच घेतला.

"आता आंबिली आणा," मी म्हणाले. एवढी माझी छाती कधी भरून आली नव्हती. त्या घटकेला कोणी मला समुद्र चाखायला दिला असता, तर मी कोणत्या नदीचं पाणी कुठं मिसळलंय ते सांगितलं असतं.

मी पाठ करून बसले. (दोनदा बसले. पहिल्यांदा घोंगडी जरा बाजूला होती.) मागं ज्योती गलास भरत होती. रत्नम्माच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या, म्हणजे तिनं मुठी आवळल्या होत्या.

पहिला गलास हातात आला. घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"ही काय आंबील हाय? पाण्यात पांढरं कालवलंय! लसूण घातली का नुसती दाखवली? मीठ मोजताना हात कापला व्हय? असली आंबील पाव्हण्याला दिली, तर पाव्हणा सोयरीक मोडून जाईल!" मग मला दया आली. "ग्यानबा, तुझी सून नवी हाय. तिला माझ्याकडं पाठव. मी शिकवीन."

ग्यानबा काही बोलला नाही. कोणीच काही बोललं नाही. सगळे माझ्या परखडपणानं दिपले, असं मी समजले.

दुसरा गलास आला. घोट घेतला, आणि डोळेच मिटले.

"हीऽ! ही आंबील! आंबटपणा बगा, जावई बसावा तसा बेतानं बसलाय. जिरं नाकाला सांगून तोंडात येतंय. ताक कसलं, अमृत! ह्या चवीला पन्नास वर्सं चुलीपुढं डोळे जाळावे लागतेत. मोबाईलवर बगून येत न्हाई ही! ही कोणाची हाय, ते मी सांगावं का? आंधळ्यालाबी कळंल. ही माझी! आणि यंदाची पयली हीच! घाला माळ!"

मागं कोणीतरी खोकलं. मग ज्योतीचा आवाज आला, पदराआडून.

"आत्याबाई..."

"काय गं?"

"पयला गलास तुमचा होता."

मी हातातल्या गलासाकडं बघितलं.

"आणि हा?"

"रत्नम्मा अक्काचा."

मग जे हसू फुटलं ते करडीतून पलीकडच्या बांधावर गेलं आणि तिथून परत आलं. ट्रॅक्टरवाला चाकावर डोकं टेकून हसत होता. रामकिशन लोळला. सोमशेखर अण्णा हसताना पेला सांभाळत होते, आणि आमचे हे, माझ्या लेकाचे वडील, ज्यांची लाज मी घटकाभरापूर्वी राखली होती, ते मांडीवर थापा मारत हसत होते. रत्नम्मा तेवढी हसत नव्हती. ती माझ्या बिंदगीवर आधीच तयार ठेवलेली झेंडूची माळ उचलून, दोन्ही हातांत धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. आजवर हरत आलेल्या बाईचं तोंड होतं ते. बोललेला निकाल फिरत नाही. नियम माझाच.

मी उठले, माळ तिच्या हातातून घेतली आणि तिच्या बिंदगीला घातली. (पहिल्यांदा शेजारच्या घागरीला घातली. मग तिच्या.)

"काय गं सुगंधा," हे डोळे पुसत म्हणाले, "कुठं गेली ती जीभ?"

मी वळले. पदर नीट केला. जमीन स्थिर होईपर्यंत थांबले. आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आता तरी पटलं का? सकाळपासून उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन मी तुमाला हेच सांगायलेय, दारू पोटात गेली की माणसाला आंबील कळत न्हाई!"